पोटातल्या दोन फोडी

त्याच्या हातात लाकडी फूटपट्टी होती. तिचं टोक त्याने माझ्या हनुवटीखाली लावलं आणि माझं तोंड खिडकीकडे वळवलं.

"उजेडात बघा," तो म्हणाला.

मी टेबलावर उताणी. अंगावर हॉस्पिटलची चादर. समोर लाकडी पायऱ्यांवर डॉक्टरकी शिकणारी पोरं बसलेली, रांगेवर रांग. त्यात दोन मुली. सगळे पुढे वाकले. माझ्या हनुवटीवरचे केस बघायला.

आठ दिवस आधी सिस्टरने बजावलं होतं, तोंडाला ब्लेड लावायचं नाही. मला वाटलं, एखादा मलम लावायचा असेल. आठ दिवस मी पदर दातात धरून मिलमध्ये गेले. दाढी वाढवून ठेवायची होती ती यांना दाखवायला. ते मला त्या टेबलावर कळलं.

"बाई, दाढी किती दिवसांनी करतेस?"

मी डोळे मिटले.

"लाजतात," तो पोरांना म्हणाला. "पण मूल हवं असतं."

हसले सगळे. मोठ्याने नाही. सभ्य माणसं हसतात तसं.

मग त्याने चादर कमरेखाली ओढली. बेंबीपासून खाली केसांची रेघ होती, तिच्यावरून पट्टी फिरवली. इंग्रजीत बोलत होता. मला दोन शब्द कळले. एक हेअर, एक फॅट. फॅट हा शब्द मिलमधला साहेब आमच्या खात्यातल्या बायकांना बघून म्हणायचा, म्हणून माहीत होता.

पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. खाली आली आणि चादर माझ्या छातीपर्यंत ओढली. डॉक्टर तिला इंग्रजीत काहीतरी बोलला. ती जागेवर जाऊन बसली, मान खाली. त्याने चादर पुन्हा काढली.

मी उठले नाही. रडले नाही. छताकडे बघत पडून राहिले. मला मूल पाहिजे होतं. त्यासाठी याच्यापेक्षा वाईट सोसायची माझी तयारी होती, आणि ते त्याला ठाऊक होतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची. लग्नाला नऊ वर्षं झालेली. माहेर साताऱ्याकडचं, सासर परळच्या चाळीतलं. एक खोली, त्यात मी, नवरा आणि सासू. आम्ही महार. नवरा मिलमध्ये कताईला होता. विणाईला पगार जास्त, पण तिथे मागाच्या धोट्यातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरे तोंड लावणार नाहीत, म्हणून आमच्या माणसाला विणाईत घेत नसत. मी त्याच मिलमध्ये कापसाचा कचरा निवडायला होते.

माझी पाळी वर्षातून दोनदा यायची. कधी तीनदा. लग्नानंतर अंग सुटत गेलं. हनुवटीवर, ओठावर केस आले. पहाटे सगळे उठायच्या आत मी मोरीत बसून नवऱ्याच्या जुन्या ब्लेडने ते काढायचे. तरी संध्याकाळपर्यंत खरखरीत लागायचं. खात्यात आमच्यावर देखरेखीला एक नायकीण होती, मालवणकडची. माझं ओझं मोजून घेताना ती बाकीच्यांना म्हणायची, "ही बाई का बाप्या, ता कोणतरी तपासून घ्या." रोज नाही. पण रोज म्हणेल असं वाटायचं, ते जास्त वाईट.

एकदा पाच महिने पाळी आली नाही. पोट सुटलेलंच होतं. सासूने, म्हणजे आत्याबाईने, चाळभर सांगितलं. कासाराला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. शेजारणींनी चिंचा आणून दिल्या, कैरीचं लोणचं आणून दिलं. मला सकाळी ओकाऱ्या यायला लागल्या. मी सोंग करत नव्हते. खरंच यायच्या.

मग एका सकाळी नळावर हंडा उचलताना पायावरून ओघळ गेला. मागे बायकांची रांग. एकीने हंडा माझ्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला.

आत्याबाई म्हणाली, "काढ त्या बांगड्या."

एक निघेना. मनगट जाड झालं होतं. तिने माझा हात पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने ती फोडली. काच आत रुतली. रक्त पुसायला चिंधी तिनेच दिली. ती पण रडत होती. सांगायचं ते हे, की त्या घरात माझ्यासाठी कुणी राक्षस नव्हतं. मूल नव्हतं म्हणून सगळ्यांचं असं झालं होतं.

त्यानंतर बारशाला मला बोलवायचे, पण पाळण्याला हात लावू द्यायचे नाहीत. कुणी स्पष्ट सांगायचं नाही. मी पुढे झाले की एखादी बाई पाळणा स्वतःकडे ओढून घ्यायची. आम्ही सगळी एकाच जातीची माणसं. बाहेर ज्यांना पाण्याला हात लावायची बंदी, त्यांच्याच घरात मला पाळण्याची बंदी.

अंगारे झाले. नवस झाले. वरळीच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी पोट चोळून द्यायची, तिच्याकडे तीन महिने गेले. मासळीच्या वासात, तिच्या झोपडीत पालथी पडायचे. ती चोळताना विचारायची, "दुखतंय काय गो?" दुखलं की हात हलका करायची. गुण काही आला नाही. पण ती विचारायची, हे पुढे मला फार आठवलं.

मग आम्ही बुद्धाचा धम्म घेतला. चाळीतल्या सगळ्यांनी घरातले देव समुद्रात नेऊन सोडले. आत्याबाईने देवाचा एक टाक डब्यात लपवून ठेवला होता, तोही नवऱ्याने शोधून काढला. म्हणाला, "आता नवस नाही, अंगारा नाही. जे काय असेल ते डॉक्टर सांगेल." त्या दिवशी मला किती बरं वाटलं. वाटलं, आता माझा दोष पूर्वजन्मीचा नाही. शरीरातलं काहीतरी बिघडलंय, ते शिकलेला माणूस दुरुस्त करेल.

माझा नवरा वाईट नव्हता. हे लिहिताना हात अडतो, पण नव्हता. पेपर मोठ्याने वाचून सगळ्या चाळीला ऐकवायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पुढे असायचा. गोळीबार झाला त्या दिवशी एका अनोळखी माणसाला खांद्यावर घालून त्याने दवाखान्यात पोचवलं होतं. त्याचा सदरा मी धुतला. डाग गेला नाही.

तर असे आम्ही त्या हॉस्पिटलात गेलो.

मोठे डॉक्टर गिरगावचे. सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणायचे. गोरे, बारीक, बोलणं अगदी स्वच्छ. त्यांनी मला तपासलं, त्या लाकडी पायऱ्यांच्या हॉलमध्ये पोरांना दाखवलं, आणि नवऱ्याला खोलीत बोलावलं. मी बाहेर बाकावर. नवरा बाहेर आला तो म्हणाला, "छोटं ऑपरेशन आहे. मग होईल म्हणतात."

"कसलं ऑपरेशन?"

"पोटाचं."

"पोटात काय करणार?"

"ते डॉक्टर बघतील ना. सही करून आलोय मी."

मी चौथीपर्यंत शिकलेली. सही मलाही येत होती. कागद माझ्यापर्यंत आलाच नाही.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. गिरगावातली, नवरा बँकेत. तिलाही मूल नव्हतं. तिलाही हनुवटीवर केस, माझ्यापेक्षा कमी. एका सकाळी मोठे डॉक्टर तिच्या खाटेवर टेकले, खिशातून पेन्सिल काढली आणि कागदावर चित्र काढून तिला समजावू लागले. "हे पाहा, तुम्ही घाबरू नका. हे इथे असं असतं, तुमच्यात ते असं झालंय. आपण एवढंच करायचं." तिला तुम्ही. मी मान उंच करून कागद बघायचा प्रयत्न केला. दोन गोल दिसले. मग ते उठले, माझ्या खाटेपाशी आले, तक्ता बघितला आणि सिस्टरला म्हणाले, "हिला उद्या घ्या."

मी शेजारणीला विचारलं, "बाई, तुम्हाला काय म्हणाले ते? माझं पण तेच असंल."

तिने कागद उशीखाली ठेवला. "तुमचं वेगळं असेल," म्हणाली.

तिला पाणी द्यायला आया पेल्यात ओतून द्यायची. मला ओंजळ धरायला सांगायची आणि वरून सोडायची. शिवाशिव बंद केल्याचा कायदा होऊन काही वर्षं झाली होती. आयाच्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी तोंडावर काळं रबर आलं. उग्र गोड वास. शुद्धीवर आले तेव्हा घशात आग आणि पोटात सुरी तशीच राहिल्यासारखं. खाली आडवा टाका होता. मी सिस्टरला विचारलं, "काय केलं?" ती म्हणाली, "झालं, झालं." एवढंच.

शेजारणीचंही दुसऱ्या दिवशी झालं. तिला हॉलमध्ये कधी नेलं नाही.

दोन महिन्यांनी मला पाळी आली. पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच सुमाराला. तिसऱ्या महिन्यात पुन्हा. मी मोरीत बसून रडले, सुखाने. आयुष्यात पहिल्यांदा माझं शरीर बाकीच्या बायकांसारखं वागत होतं. आत्याबाईने चाळीत कुणाला काही सांगितलं नाही, पण माझ्या ताटात भाकरीवर तूप वाढायला लागली. मोठे डॉक्टर खूश. वहीत लिहून घेतलं. पाठीवर थाप मारली. तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. तेही सांगायला पाहिजे.

चौथ्या महिन्यात डाव्या बाजूला दुखायला लागलं. सुरुवातीला टाका ओढल्यासारखं. मग चालताना, बसताना, नवरा जवळ आला की डोळ्यांपुढे अंधार यायचा. सहाव्या महिन्यापासून पाळी पुन्हा लांबली. मग बंदच. मी हॉस्पिटलात जायचे. मोठे डॉक्टर लांबूनच म्हणायचे, "दुखणारच थोडं. धीर धर." वहीत काही लिहायचे नाहीत.

वर्षभराने ती गिरगावची बाई मला तिथेच दिसली. पोट पुढे आलेलं, हात कमरेवर. तिने मला ओळखलं. नजर फिरवली नाही, हसली. मी पण हसले. मग बाहेर येऊन गटाराच्या कडेला बसले. मत्सर हा शब्द पण तोकडा पडेल. मला तिचं पोट फाडून बघावंसं वाटलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं आजवर.

पुढचं दीड वर्ष असं गेलं. मिल, दुखणं, घर. आत्याबाई पुन्हा बोलेनाशी झाली. गावाकडून एक मावशी आली आणि माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाली, "पोरगी बघून ठिवलीया." नवरा हो म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही.

एका दुपारी मी बाहेरच्या बाकावर दुखतंय म्हणून वाकून बसले होते. पांढऱ्या कोटातली एक तरुण डॉक्टरीण माझ्यापुढे थांबली. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं.

"तुम्ही हॉलमध्ये होतात," ती म्हणाली. "मी चादर घातली होती."

ती माझ्या शेजारी बाकावर बसली. माझा केसपेपर तिने आणवला, वाचला. मग मला विचारलं, "ताई, तुमचं काय ऑपरेशन झालं, माहिती आहे का?"

"पोटाचं."

तिने केसपेपर मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात, मराठीत, तिने सांगितलं. बाईच्या पोटात पिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात, बदामाएवढे. दर महिन्याला त्यातून एक बीज सुटतं. माझे बीजकोश मोठे झाले होते, वरची साल जाड, बीज आतच अडकून राहायचं. म्हणून पाळी नाही, म्हणून मूल नाही, केसही त्यामुळेच. "मग दोन्ही बीजकोशांची एकेक फोड कापून काढतात," ती म्हणाली, "संत्र्याची काढतात तशी. आणि उरलेलं शिवून टाकतात. बऱ्याच जणींची पाळी सुरू होते. काहींना दिवसही राहतात."

"आणि बाकीच्यांना?"

"काहींच्या आत जखम भरताना चिकटतं. नळ्या बंद होऊ शकतात. तुमचं दुखणं त्यातलं असेल. नक्की मी सांगू शकत नाही."

"हे कापायच्या आधी माहीत असतं?"

"असं होऊ शकतं, हे माहीत असतं."

मी पोटावर हात ठेवला. अडीच वर्षं मी समजत होते की त्यांनी आतून काहीतरी साफ केलंय. माझ्या दोन फोडी कुठे गेल्या? तिला तेही विचारलं. ती म्हणाली, काचेखाली बघायला नेतात. कदाचित बाटलीत ठेवल्या असतील, शिकवायला.

"तुम्हाला काहीच सांगितलं नाही?" तिने विचारलं.

"नवऱ्याला सांगितलं असंल."

"इथे लिहिलंय नवऱ्याला समजावलं म्हणून. आणि हेही सांगितलं म्हणून लिहिलंय, की..." ती अडखळली. "की तुमच्यात पुरुषी लक्षणं आहेत. ताई, तसं काही नाही. तुम्ही पूर्ण बाई आहात. हा आजार आहे, पुष्कळ जणींना असतो."

घरी आले. नवरा पेपर वाचत होता. मी दार लावलं आणि विचारलं, "डॉक्टरने तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं?"

त्याने पेपर खाली ठेवला. "म्हणाले, हिच्यात पुरुषाचा अंश जास्त आहे."

"मला का नाही सांगितलं?"

"तू रडली असतीस."

"आत्याबाईंना सांगितलंत?"

त्याने चुलीकडे बघितलं. आत्याबाई चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

म्हणजे अडीच वर्षं. ताटात तूप वाढत होती तेव्हाही. ज्या रात्री तो माझ्याकडे पाठ करून झोपला, त्या सगळ्या रात्री. नायकिणीने तोंडावर विचारलं होतं, यांनी मनात ठेवलं. नायकीण बरी.

त्याच महिन्यात परळच्या मैदानात सभा होती. राज्य मिळणार हे नक्की झालं होतं, माणसं आनंदात होती. नवरा म्हणाला चल, म्हणून गेले. मला घरात बसवत नव्हतं. स्टेजवर चार-पाच शिकलेली माणसं, त्यात मोठे डॉक्टर. खादीचा कोट. ते उठले आणि म्हणाले, आपल्या राज्याचा कारभार आपल्या भाषेत चालेल. कोर्टात, कचेरीत, दवाखान्यात. गरिबातल्या गरीब माणसाला कळेल अशा मराठीत. टाळ्या थांबेनात. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मग माझ्या लक्षात आलं मी काय ऐकलं ते, आणि हात तसेच राहिले.

पंधरा दिवसांत हॉस्पिटलचं कार्ड आलं. अमुक दिवशी सकाळी यावे. मी गेले तर सिस्टरने सांगितलं, बाहेरगावचे डॉक्टर येणार आहेत, मोठे डॉक्टर त्यांना तुझी केस दाखवणार. गुण आलेली केस. नवरा सोबत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "जा. दाखव त्यांना. खूश झाले तर पुन्हा ऑपरेशन करतील. या वेळी राहील काहीतरी. नाहीतर आई काय ऐकायची नाही, तुला माहितीये."

मी गेले. कारण अजूनही मला मूल पाहिजे होतं. हे लपवून काय करू? पाय आपोआप गेले. कपडे काढले, चादर घेतली, टेबलावर चढले. तोच हॉल. या वेळी पुढच्या रांगेत कोट-टाय घातलेले मोठे लोक. मागे विद्यार्थी. ती डॉक्टरीण दारापाशी उभी.

मोठे डॉक्टर बोलायला लागले. इंग्रजी. चादर खाली ओढली. फूटपट्टी माझ्या टाक्यावर ठेवली. पुढचे लोक माना हलवत होते. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, एक, दोन, तीन. मला कळलं. माझी पाळी. तीन महिने आली होती ती. पुढचं काही त्यांनी मोजलं नाही.

मी चादर वर ओढली आणि उठून बसले.

"आडवी हो," ते म्हणाले. मराठीत.

"तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"बाई, आडवी हो. वेळ नाही."

"पाळी तीन महिने आली. मग बंद झाली. दोन वर्षं डावीकडे दुखतंय, मी दर महिन्याला येऊन सांगते. ते सांगितलंत का?"

पुढचा एक पाहुणा शेजाऱ्याला विचारत होता, ही काय म्हणते.

"हे शास्त्रातलं आहे. तुला कळायचं नाही."

"माझं कापलंय. मला कळंल. मराठीत सांगा."

"सिस्टर, हिला बाहेर न्या."

सिस्टर पुढे आली. मी तिला हाताने थांबवलं. चादर गुंडाळून खाली उतरले. पायाखाली फरशी गार. बोलायला लागले ते थांबले नाही. मोठ्या डॉक्टरांकडे पाठ केली आणि त्या पायऱ्यांवरच्या पोरांकडे तोंड केलं.

"माझ्या दोन बीजकोशांच्या दोन फोडी कापल्या," मी म्हणाले. "मला विचारलं नाही. काय होऊ शकतं ते सांगितलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला चित्र काढून सांगितलं, तिची जात वरची होती. मला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याला सांगितलं की मी अर्धी बाप्या आहे. मी बाई आहे. मला आजार आहे. तुम्हाला शिकायचं असंल तर हे पण लिहून घ्या."

कुणीही पेन उचललं नाही. एकाने तोंडावर रुमाल धरला होता, हसत होता की काय, कळलं नाही. डॉक्टरीण दारात तशीच. तिने मला कपडे दिले. तिलाही पुढे त्याबद्दल भोगावं लागलं असेल. मला नंतर ती कधी दिसली नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा या दारात यायचं नाही."

बाहेर नवऱ्याने ऐकलं होतं सगळं. रस्ताभर माझ्या पुढे चालला. परळच्या नाक्यावर दिव्यांच्या माळा लावत होते, राज्य येणार म्हणून. तिथे थांबला आणि म्हणाला, "तुला मूल नकोच होतं. असतं तर गप पडली असतीस."

तो चुकीचं बोलत होता असं मला अजून पूर्ण खात्रीने म्हणता येत नाही. गप्प पडून राहिले असते तर कदाचित झालंही असतं. त्या गिरगावच्या बाईला झालंच ना. हा विचार घेऊन मी किती वर्षं उठले आणि निजले.

सहा महिन्यांत गावची पोरगी खोलीत आली. दुसरं लग्न कायद्याने बंद झालं होतं. कायद्याचं पेपरात वाचून चाळीला ऐकवणारा माणूस तोच. खोली त्याच्या नावावर. मी एक ट्रंक घेतली आणि नायगावला माझ्याच खात्यातल्या एका विधवा बाईकडे गेले. तिच्याकडे निम्म्या खोलीत राहिले. नव्या बाईला पहिल्या वर्षीच मुलगा झाला. आत्याबाईने मला बारशाला बोलावणं धाडलं. मी गेले नाही.

त्या बारशाच्या दिवशी मी घरात बसून होते, दाराला आतून कडी. मग उठले, आरसा घेतला. चार दिवसांचे केस होते हनुवटीवर. ब्लेड उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. तशीच मिलमध्ये गेले. नायकिणीने बघितलं. तोंड उघडलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, ओझं खाली न ठेवता. "बोल," म्हणाले. ती बोलली नाही.

पोट अजून दुखतं. मूल झालं नाही. पुढे कधीच होणार नव्हतं. दुखणं कमी होईल असं कुणी सांगितलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला तसा धीरही देत नाही.

एक काम मात्र धरलंय. नायगावात, लालबागला, परळला, आमच्या खात्यातल्या कुठल्याही बाईला हॉस्पिटलात नेलं की मी सोबत जाते. मूल नाही म्हणून नेतात, मूल पुरे म्हणून नेतात, पिशवी काढायला नेतात. सही बाई स्वतः करते. सही येत नसेल तर अंगठा तिचाच, नवऱ्याचा नाही. आणि त्याच्या आधी मी डॉक्टरला विचारते, काय कापणार, का कापणार, उलटं काय होऊ शकतं. तिला कळेल असं सांगा. कुणी सांगतात. बरेच वैतागतात. एकाने मला विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"कोणी नाही," म्हटलं. "सांगा."

वॉर्डबॉयला बोलावून मला दोनदा बाहेर काढलंय. पोलिसाची भीती घातली. मी जिन्यावर बसते आणि पुन्हा आत जाते. जोवर त्या बाईला कळत नाही तोवर तिला टेबलावर चढू देणार नाही.